आवडत्या गायकाच्या अल्बमचं कव्हर करायचंय? आधी फॅनगिरी बाजूला ठेवा

ज्याच्या गाण्यांवर आपण गावातल्या प्रत्येक हळदीत नाचलो त्याच दादाचा फोन येतो की भाऊ, नवीन अहिराणी अल्बम येतोय, कव्हर तूच कर. अशा वेळी डोकं बंद पडतं आणि हात आपोआप त्याच्या चेहऱ्याकडे जातो. मधोमध भलामोठा फोटोसारखा चेहरा, मागे उगवता सूर्य, बाजूला केळीचे घड, खाली सोनेरी चमकणारी अक्षरं. झालं, हे कव्हर नाही, चौकात वाढदिवसाला लागतो तो बॅनर झाला. दादाचा चेहरा लोकांना पाठ आहे हो, तुम्हाला गाणं काढायचंय.

म्हणून पहिलं काम, गाणी मागून घ्या. रफ असली तरी चालतील, व्हॉट्सॲपवर आलेली असली तरी चालतील. लूपवर लावा आणि कानाला जे दिसतं ते वहीत खरडत जा. मग दादाला प्रश्न विचारा, पण "तुम्हाला कसं हवंय" हे विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे, "तुला योग्य वाटेल ते कर रे भो", आणि तिसऱ्या ड्राफ्टला कळतं की त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. त्यापेक्षा हे गाणं कुठे सुचलं, कोणासाठी आहे, आणि कव्हरवर काय अजिबात नको, हे विचारा. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा.

समजा आखाजीचं, म्हणजे अक्षय तृतीयेचं गाणं आहे, सासुरवाशिणी माहेरी आल्यात, निंबाला झोका बांधलाय. तर अख्खी बाई, नथ, नऊवारी, मागे सातपुडा असं सगळं कोंबायची गरज नाही. फांदीवर दोर घासून साल गेलेली जागा आणि वरून खाली येणारे दोन पाय, एवढ्यात झोका दिसतो. वाद्य काढायचं असेल तर नेटवरून ढोलकी उचलून चिकटवू नका, गाण्यात संबळ वाजतोय तर संबळच काढा. त्यात दोन वाद्यं असतात, एक लहान एक मोठं, कमरेला बांधून दोन काठ्यांनी वाजवतात, त्यातल्या एका काठीचं टोक वळलेलं असतं. वाजवणाऱ्याला हे एका नजरेत कळतं, आणि दादाच्या ग्रुपमधले वादकच तुमचे पहिले परीक्षक असणारेत.

आता रफ. कागदावर काडीपेटीएवढे चौकोन पाडा आणि त्यातच पेन्सिलने आयडिया काढा, कारण फोनवर कव्हर दिसणार आहे नखाएवढं. १९४० च्या आसपास अमेरिकेत कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी ॲलेक्स स्टाइनवाइस चित्रांची कव्हरं करायला लागला तेव्हा हातात मोठा चौकोन होता, पुढे १२ इंची एलपी रेकॉर्डच्या पाकिटावर तर बारीकसारीक नक्षीही खपून जायची. आपल्याकडे ती चैन नाही. नखाएवढं करून जे दिसत नाही ते काढूनच टाका. दादाला दोनतीनच रफ दाखवा, जास्त दाखवले की "याचं डोकं आणि त्याचं धड" सुरू होतं.

फायनल फाइल ३००० बाय ३००० पिक्सेल, चौकोनी, आरजीबी म्हणजे स्क्रीनच्या रंगांत. पण आपला अहिराणी ऐकणारा माणूस सहसा युट्यूबवरच भेटतो आणि तिथे थंबनेल आडवा, १२८० बाय ७२०, म्हणून सुरुवातीलाच दोन्ही बाजूंना पसरेल असं बॅकग्राउंड काढून ठेवा, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात नाव टाकू नका, तिथे व्हिडिओची वेळ येऊन बसते. पेनड्राइव्हचं पाकीट किंवा पोस्टर छापायचं असेल तर सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या रंगांत, ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) वेगळी फाइल करा. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीसारखा भडक लाल स्क्रीनवर भारी दिसतो आणि छापल्यावर विटलेला निघतो, एक प्रूफ, म्हणजे छापील नमुना काढून बघाच. आणि हो, "कार्यक्रमाच्या बुकिंगसाठी संपर्क" ही आपली लाडकी ओळ कव्हरवर नको, स्पॉटिफाय ॲपलवाले फोन नंबर, लिंक असलेलं कव्हर परत पाठवतात.

अक्षरं शक्यतो हाताने काढा. फॉन्ट वापरलाच तर रफार आणि वेलांटी झूम करून तपासा, एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरं फुटतात. अहिराणीत एकच शब्द कोणी "मना" लिहितो कोणी "मन्हा", तेव्हा नाव दादाकडूनच लिहून घ्या, तेही मेसेजमध्ये, फोनवर ऐकून नको.

राहिला पैसा, जो आपण लाजेखातर बोलतच नाही. फुकट करायचं असेल तर आनंदाने करा पण तसं आधीच ठरवून करा. पैसे घेणार असाल तर निम्मे आधी, आणि बदल किती वेळा करून देणार ते सांगून टाका. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक करून घेणारा ठरतो. म्हणजे उद्या तेच चित्र टीशर्टवर आलं तर तुम्ही बघत बसाल. कव्हर आणि थंबनेलसाठी वापर, बाकी वापराचे पैसे वेगळे, मूळ चित्र माझ्याकडे, एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्याच कागदावर युट्यूबच्या डिस्क्रिप्शनमध्ये तुमचं नाव कसं येणार तेही लिहा, आणि व्हिडिओ पब्लिक व्हायच्या आधी स्पेलिंग बघून घ्या.