शाई आणि जलरंगात कोलोसियम काढताना या चुका टाळा

पेनाने एकेक दगड काढायचा आणि मग तोच दगड रंगाने भरायचा, ही सवय चित्राचा जीव घेते. अठराव्या शतकात कनालेत्तो या इटालियन चित्रकाराने व्हेनिसची रेखाचित्रं केली, त्यातली काही नीट पाहा. तपकिरी शाईची रेघ इमारतीचा सांगाडा उभा करते आणि करड्या रंगाचा पातळ हात सावली सांभाळतो. रोमचं कोलोसियम काढतानाही हीच वाटणी ठेवा.

सगळ्यात जास्त चुका कमानींत होतात. तळमजल्यावर ८० कमानी होत्या, म्हणून सगळ्या एकाच मापाने ओळीत मांडल्या की भिंत सपाट दिसते. कोलोसियम लंबगोल आहे. समोरच्या कमानी रुंद दिसतात. कडेकडे जाताना त्या अरुंद होत जातात आणि खांबाची जाडीच जास्त दिसायला लागते. शेवटच्या दोन-तीन कमानींत तर फटीएवढाच अंधार उरतो. ही जाडी दाखवली की इमारत आपोआप वळते. पेन्सिलीने आधी मजल्यांच्या वळणदार रेघा घ्या, मग कमानी. सर्वांत वरच्या मजल्यावर कमानी नाहीत, सपाट भिंतीत छोट्या खिडक्या आहेत, हेही विसरलं जातं. पेन्सिल खोडायची ती शाई वाळल्यावर आणि रंगाआधी. वर रंग बसला की ती सहसा निघत नाही.

पाणी लागताच रेघ पसरली, तर शाई जलरोधक नाही किंवा पुरती वाळलेली नाही. त्याच कागदाच्या तुकड्यावर रेघ मारून, वाळवून, ओला ब्रश फिरवून बघा. कॉटनच्या कागदावर आणि पावसाळी हवेत शाई वाळायला जास्त वेळ घेते, तेव्हा घाई नको. शेलॅकवाली (लाखेची) इंडियन इंक फाउंटन पेनात कधीही भरू नका, आत सुकून पेन कायमचा बसतो. तिच्यासाठी बुडवून लिहायची निब घ्या. कागद फुगत असेल तर ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) घ्या. पातळ असेल तर बोर्डावर टेपने चारही बाजूंनी चिकटवा.

कमानींतला अंधार ट्यूबमधल्या काळ्याने भरला की भिंतीला भोकं पडल्यासारखी दिसतात. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा, कमानीच्या वरच्या बाजूला गडद सोडा आणि खाली येताना पाणी वाढवा, कारण जमिनीवरचा उजेड उसळून आत जातो. कोलोसियमचा ट्रॅव्हर्टिन दगडही पांढराफेक नसतो; पिवळ्या ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) अगदी पातळ हात पुरतो. त्यावरून ब्रश पुन्हापुन्हा फिरवला तर रंग मळतो. एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच दुसरा.

इटलीतल्या दुसऱ्या इमारती काढतानाही अशा चुका होतात. पिसाचा मनोरा लोक फार झुकवतात. खरा कल सुमारे ४ अंशांचा आहे, त्यामुळे शेजारचं कॅथेड्रल (मोठं चर्च) नीट सरळ काढलं तर तेवढाही पुरेसा जाणवतो. शिवाय तो किंचित वाकलेलाही आहे, कारण बांधकाम चालू असतानाच तो कलला आणि वरचे मजले सरळ करायचा प्रयत्न झाला. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलवरचा, वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा घुमट अर्धगोल काढू नका. तो वर निमुळता, आठ बाजूंचा आहे.

शाई पसरलीच, तर घासू नका. स्वच्छ, जेमतेम ओल्या ब्रशने डाग उचला, टिश्यू दाबा. उरलेला करडेपणा सावलीच्या बाजूला असेल तर त्याच दिशेने पातळ सावली ओढून घ्या. उजेडाच्या बाजूला असेल तर नवा कागद घेतलेला बरा.