केसपेपरवर ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ लिहिलंय? या चुका टाळा

भातलावणी सुरू झाली की कोकणातल्या वॉर्डांत लेप्टोचे, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचे पेशंट येऊ लागतात. अंगात सणसणून ताप, पोटऱ्या ठणकतात, डोळे लालभडक. कावीळ दिसली किंवा लघवी कमी झाली की शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायॲक्सोन हे प्रतिजैविक लगेच सुरू करायचं असतं. नेमक्या त्याच वेळी केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईत दोन शब्द दिसतात, ‘पेनिसिलिन ॲलर्जी’, आणि सगळे थबकतात.

सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. तेव्हा काय झालं होतं, हे कुणी विचारतच नाही. अमेरिकेत साधारण दहातल्या एका माणसाच्या नोंदीत ही ॲलर्जी असते, पण रीतसर तपासल्यावर त्यातल्या 90 टक्क्यांहून अधिक लोकांना पेनिसिलिन व्यवस्थित चालतं. म्हणून खाटेशेजारी बसून विचारा, “काकी, त्यावेळी नक्की काय झालेलं?” “सुई दिली आणि माका घेरी इली,” असं उत्तर आलं तर ती बहुधा सुईच्या धसक्याने आलेली भोवळ. जुलाब, मळमळ हे औषधाचे त्रास, ॲलर्जी नव्हे. “आमच्या आईला होती” यावरून तर काहीच ठरत नाही. मात्र औषध घेतल्यावर तासाभरात अंगभर गांध्या, ओठ सुजणं, दम लागणं, बीपी पडणं हे घडलं असेल तर ते गंभीरपणे घ्या. किती वर्षं झाली तेही विचारा, कारण अशी खरी ॲलर्जीसुद्धा 10 वर्षांत सुमारे 80 टक्के लोकांत ओसरते. आणखी एक प्रश्न मी कधीच सोडत नाही: त्यानंतर दाढ काढल्यावर किंवा घसा धरल्यावर ॲमॉक्सिसिलिन (हे पेनिसिलिनच्याच कुटुंबातलं) घेतलं होतं का? मुंबईच्या मुलाला फोन करून जुन्या चिठ्ठीचा फोटो मागवा. त्रास न होता घेतलेलं असेल, तर निम्मं काम तिथेच झालं.

दुसरी चूक म्हणजे सगळी सेफॅलोस्पोरिन्स, म्हणजे सेफ्ट्रायॲक्सोनच्या कुटुंबातली, पेनिसिलिनशी नातं असलेली औषधं, बाद करणं. दहा टक्क्यांना दोन्हींची ॲलर्जी असते, हा आकडा जुन्या काळातला आहे. आज तो दोन टक्क्यांच्या आसपास मानतात आणि तोही मुख्यतः रेणूच्या साइड चेनवर, म्हणजे त्याला जोडलेल्या बाजूच्या साखळीवर, अवलंबून असतो. सेफॅलेक्सिनची साइड चेन ॲम्पिसिलिन या पेनिसिलिनसारखी आहे, त्यामुळे तिथे जपून. सेफ्ट्रायॲक्सोन आणि सेफाझोलिनच्या साइड चेन वेगळ्या आहेत, त्यामुळे तिथे ही भीती कमी. सौम्य लेप्टोला डॉक्सिसायक्लिन आहेच.

टेस्ट डोसवर भिस्त ठेवू नका. कातडीत सेफ्ट्रायॲक्सोनचा थेंब टोचून, फुगा आला नाही म्हणून निर्धास्त होणं धोक्याचं आहे. आणि नुसत्या टोचण्याने आलेल्या लालीवरून माणसाला जन्मभराचा शिक्का बसतो, तेही वाईटच. पहिला डोस लक्ष ठेवून द्या, ॲड्रेनलिन हाताशी ठेवा: मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. इतिहास कमी जोखमीचा आणि पेशंट स्थिर असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोंडाने ॲमॉक्सिसिलिन देऊन खात्री करता येते. 2020 साली आलेला पेन-फास्ट स्कोअर (जुन्या त्रासाबद्दलच्या मोजक्या प्रश्नांना गुण देण्याची पद्धत) ही जोखीम ठरवायला सोपा आहे.

पण उलटी चूकही नको. औषधानंतर कातडी सोलली, तोंडात-डोळ्यांत फोड आले, यकृत किंवा मूत्रपिंडाला इजा झाली असा इतिहास असेल, तर टेस्ट नको, थोडं देऊन बघणंही नको. तिथे तज्ज्ञांना विचारूनच पुढे जा, गरज पडली तर गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला फोन करा.

आणि घाईत पर्याय म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन (क्विनोलोन गटातलं औषध) लिहून मोकळं होऊ नका. टीबी असेल तर तो त्याच्याखाली काही काळ झाकला जातो. साध्या (औषधांना दाद देणाऱ्या) स्टॅफ जंतूंना व्हँकोमायसिन हे सेफाझोलिनपेक्षा कमी पडतं. क्लिंडामायसिन, क्विनोलोन यांनी क्लॉस्ट्रिडिऑइड्स या आतड्यातल्या जंतूंचे जुलाब लागू शकतात. पर्यायांची किंमत पेशंटच मोजतो, म्हणून मला याची तळमळ वाटते. गरोदर बाईला सिफिलिस असेल तर पेनिसिलिनला पर्यायच नाही. तिथे ॲलर्जी खरी असली तरी रुग्णालयात डिसेन्सिटायझेशन करून, म्हणजे अगदी थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत, तेच द्यावं लागतं.

शेवटी, औषध सोसलं की डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव, तारीख आणि ‘त्रास झाला नाही’ असं ठळक लिहा. सोसलेलं औषध पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन असेल, तर केसपेपरवरची जुनी नोंद खोडून सही करा. घरच्या माणसाला समजावून सांगा आणि आरोग्य केंद्रालाही कळवा. नाहीतर पुढच्या लावणीला तोच पेशंट तेच दोन शब्द घेऊन दुसऱ्या वॉर्डात दाखल होतो.