पक्षी दिसत नाही, नुसता ऐकू येतोय? मग असं शिका

आधीच सांगते, शंभर पक्ष्यांचे आवाज डाउनलोड करून ऐकत बसू नका. मी तेच केलं होतं आणि आठवड्याभरात डोक्यात सगळा काला झाला. चारपाच पक्षी घ्या, तेही रोज खिडकीतून ऐकू येतात तेच. साळुंकी, बुलबुल, होला, शिंपी वगैरे. कंटाळवाणं वाटेल, पण हे एकदा कानात मुरले ना की एखादा वेगळा आवाज आला की आपोआप मान वर होते, आणि अर्धं काम तिथेच झालं.

आवाज आला की लगेच नाव शोधू नका, आधी नीट ऐका. सूर वर चढतोय का एकाच पट्टीत आहे, शिट्टीसारखा स्वच्छ आहे का खरखरीत, मधे किती थांबतो, आणि येतोय कुठून, झाडाच्या शेंड्यावरून, झुडपातून का जमिनीवरून. मग तो आवाज स्वतःच्या तोंडाने काढून बघा, लोक हसतील, हसू द्या. आवाजाला शब्द दिले की तो विसरत नाही, आपल्याकडे हे आधीच करून ठेवलंय की, पावशा 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' म्हणत एकेक पट्टी वर चढत जातो आणि टोकाला जाऊन एकदम थांबतो, टिटवीचं तर नावच तिच्या ओरडण्यावरून पडलंय. पुस्तकातले शब्द तुमच्या कानाला पटत नसतील तर स्वतःचे बनवा.

तांबट घ्या. टुक, टुक, टुक, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा, एकाच लयीत, कितीतरी वेळ. चिमणीएवढा जीव, हिरवा, पानात दिसतच नाही, त्यात तो मान इकडेतिकडे वळवत ओरडतो म्हणून आवाज घटकेत डावीकडून घटकेत उजवीकडून आल्यासारखा वाटतो. अशा वेळी झाडाखाली गोल फिरू नका, एका जागी उभं राहून कानामागे तळहात धरा आणि डोकं हळूहळू फिरवा, जिथे आवाज सगळ्यात मोठा वाटेल तिथली फांदी न फांदी बघा. दिसला तर नशीब! चोच बंदच असते आणि प्रत्येक टुकला गळा फुगतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की तो आवाज जन्मात विसरणार नाही, म्हणून आवाजाचा माग काढत पक्ष्यापर्यंत पोचणं हाच खरा अभ्यास, बाकी सगळं नंतर.

आता घोळ कुठे होतो ते. एका पक्ष्याचा एकच आवाज नसतो. गाणं वेगळं, हाक वेगळी, धोक्याचा इशारा अजून वेगळा. दयाळ पहाटे उंच जागी बसून इतकं गोड गातो, आणि तोच चिडला की घसा खरवडल्यासारखा आवाज काढतो. कोकिळेने तर मला कितीतरी महिने फसवलं, कारण 'कुहू' करतो तो काळा नर, आणि ठिपक्याठिपक्यांची मादी नुसती किक-किक-किक करत उडते, मी तो कुठलातरी तिसराच पक्षी धरून चालले होते. कोतवाल तर बिलंदरच, शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. त्यामुळे शिक्रा 'ऐकला' असं छातीठोक सांगायच्या आधी एकदा वर बघा.

सातभाई, बुलबुल सगळे मिळून एका झाडावर कलकलाट करत असतील तर तिकडे जाच. बहुतेक वेळा आत घुबड, साप नाहीतर मांजर सापडतं.

वेळ पहाटेची, वारा कमी असतो आणि पक्षी जोरात गात असतात. विणीच्या हंगामात गाणं जास्त ऐकू येतं, एरवी तोच पक्षी महिनोन् महिने गप्प असू शकतो, तेव्हा आपलंच चुकतंय असं समजू नका.

ॲपचं म्हणाल तर कॉर्नेल लॅबचं मर्लिन फुकट आहे, फोन धरला की नावं दाखवतं. पण आधी स्वतः अंदाज करा, मगच स्क्रीन बघा, नाहीतर फोन शिकेल आणि तुम्ही तिथेच राहाल. शिवाय ते चुकतंही, गाड्यांच्या गोंगाटात तर हमखास. त्यातला सोनोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, मात्र बघत जा, डावीकडून उजवीकडे वेळ आणि खालून वर सुराची उंची, पावशाचा जिना तिथे चक्क चढताना दिसतो. घरी बसून ताडून बघायला झेनो-कँटो साइट आहे, एकाच पक्ष्याची दहा रेकॉर्डिंगं ऐका, एकावर भरवसा नको.

आणि हो, बाहेर पक्ष्यासमोर त्याचाच आवाज स्पीकरवर लावू नका प्लीज. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, मग तो घरटं, पिल्लं सोडून तुमच्या फोनशी भांडत बसतो.