वर्डमधले फोटो अखेर जागेवर बसले

कोथरूडच्या आमच्या सोसायटीची गणेशोत्सवाची स्मरणिका मी वर्डमध्ये लावत होते. सिंहगड सहलीच्या लेखात एक ओळ वाढवली, की कल्याण दरवाजाचा फोटो थेट पुढच्या पानावर आणि त्याखालची ओळ मात्र मागेच! दोन रात्री नुसत्या माऊसनं ओढाओढी करण्यात गेल्या.

फोटो 'स्क्वेअर'वर, म्हणजे भोवतीनं मजकूर वाहील अशा मांडणीत होता आणि परिच्छेदाला बांधलेला; परिच्छेद सरकला की तोही सरकणार. 'रॅप टेक्स्ट'मध्ये 'इन लाइन विथ टेक्स्ट' निवडलं. आता फोटो मोठ्या अक्षरासारखा ओळीतच बसतो. मग फोटो आणि त्याची ओळ एकाच चौकटीच्या, बिनरेघी टेबलात घातली आणि टेबल प्रॉपर्टीजच्या 'रो'मधली, चौकट दोन पानांत तुटू देणारी टिक काढली. ताटातूट संपली.

छापायचं असेल तर फोटो घालण्याआधीच 'ऑप्शन्स'च्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल'वर टिक करा, म्हणजे वर्ड फोटो दाबून त्यांचा दर्जा उतरवणार नाही. आणि छापखान्यात पीडीएफच द्या.