आंघोळीनंतर दोन मिनिटं: गोट्या स्वतः कशा चेक करायच्या
महिन्यातनं एकदा, गरम पाण्याने आंघोळ झाली की लगेच, कारण तेव्हा पिशवीची कातडी सैल पडलेली असते. एकेक गोटी अंगठा आणि बोटांमध्ये धरून हळू फिरवायची, दाबायची नाही. गुळगुळीत लागली, मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं काही लागलं तर घाबरू नका राव, ती शुक्राणू साठवणारी नळी, सगळ्यांनाच असते. एक बाजू जरा खाली लोंबते तेही नॉर्मल. पण गोटीवरच कडक गाठ लागली, दुखत नसली तरी युरोलॉजिस्टकडे, म्हणजे लघवीच्या आणि पुरुषांच्या अवयवांच्या डॉक्टरकडे जा, तो सोनोग्राफी सांगेल. आणि अचानक जोरात दुखायला लागलं, उलटी आली तर गोटीला पीळ पडलेला असू शकतो, मग लाजत बसू नका, सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर ती वाचायचे चान्स चांगले असतात, म्हणून थेट इमर्जन्सी गाठायची.