गल्फला असतानाच धंदा शिका, पण दुसऱ्याच्या लायसन्सवर नको

२०१४ ला खेडवरून शारजाला एसी टेक्निशियन म्हणून गेलो, आता खेडलाच स्वतःचं दुकान आहे. नवीन जाणारी पोरं विचारतात, दादा तिकडे राहून धंदा कसा शिकायचा. एजंट, पगार, रूम सगळ्यांना माहितीये, त्यात जात नाही.

मी कुठे फसलो ते आधी. २०१७ ला ओळखीतला एकजण म्हणाला, धंद्याचं लायसन्स माझं, काम तुझं, पैसे अर्धे अर्धे. शुक्रवारच्या सुट्टीत कामं करायचो. एका व्हिलात १४ स्प्लिट एसीचं काम मिळालं, मटेरियलला माझे ४ हजार दिरहम घातले. बिल त्याच्या नावाने, पेमेंट त्याच्या खात्यात, आणि नंतर फोन उचलणं बंद. आता नीट ऐका. तुम्ही म्हणाल तक्रार करायची, पण कुठे? व्हिसा एका कंपनीचा आणि काम दुसऱ्याकडे, हे तिकडे बेकायदेशीर, म्हणजे तक्रार द्यायला गेलो की पहिला मीच सापडणार. बरं लेखी करार केला असता तरी तो माझ्याच विरुद्ध पुरावा झाला असता. हे त्याला पहिल्या दिवसापासून माहिती होतं, मला नव्हतं. म्हणून सांगतो, माणूस गाववाला असला, नमाजी असला, माळकरी असला तरी नाही म्हणा.

आणि आता तर गरजही नाही. तेव्हा कंपनी काढायला ५१ टक्के लोकल पार्टनर लागायचा, जून २०२१ पासून बऱ्याच धंद्यांत १०० टक्के आपलं नाव चालतं. दुसरीकडे काम करायचं तर लेबर मिनिस्ट्रीचं पार्ट टाईम परमिट असतं.

घाबरू नका मात्र. पैसे गेले, ते आठ महिन्यांत भरून निघाले. शिकलेलं कोणी नेलं नाही. माझ्याकडे एक वही होती, प्रत्येक जॉबला एक पान: कॉपर पाईप किती मीटर, गॅस किती, येण्याजाण्यात वेळ किती गेला, कस्टमरने कशावर घासाघीस केली. जाण्यायेण्याचा वेळ पहिली दोन वर्षं मी धरतच नव्हतो, तिथेच सगळा नफा जायचा. फी घेऊन मेंटर होणाऱ्यांच्या नादी लागू नका, आमच्या कंपनीत पर्चेसला बसणाऱ्या मल्याळी काकांनी चहा पिता पिता जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच कोर्समध्ये नाही.

बचत भावाच्या खात्यात नको, स्वतःच्या एनआरई खात्यात (परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं भारतातल्या बँकेतलं खातं) ठेवा, तिकडे असेपर्यंत त्याच्या व्याजावर भारतात टॅक्स नाही. परत आल्यावर लोनसाठी रत्नागिरीला जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पीएमईजीपीचं (नवीन धंद्याला सबसिडीसह कर्ज देणारी सरकारी योजना) विचारा.

खेडमधलं पहिलं कोटेशन मी त्याच वहीतलं पान समोर ठेवून लिहिलं. वही काउंटरखाली आहे, कोणाला बघायची असेल तर दुकानात या.