एसटीत अभ्यास करायचा असेल तर

पुणे-कोल्हापूरसारख्या लांबच्या प्रवासात वाचायचं असेल, तर आधी सीट नीट निवडा. पुढच्या-मागच्या चाकांच्या मधली सीट सगळ्यात कमी हादरते. शेवटच्या बाकावर पुस्तक उघडूच नका. सकाळी कोल्हापूरकडे जाताना ऊन डावीकडून येतं, म्हणून उजवी खिडकी धरा.

इंजिनाच्या घरघरीची सवय होते. खरा त्रास शेजारच्या गप्पांचा, कारण कळणारे शब्द कान सोडत नाही. त्यावर गाणी लावू नका, त्यातही शब्दच असतात. पावसाचा आवाज किंवा नुसती बासरी लावा, तीही बेताच्या आवाजात.

शेजारचे काका "कुठं निघालात?" म्हणाले, तर तुटक उत्तर देऊ नका. दोन मिनिटं मोकळेपणानं बोला, मग "जरा वाचतो हं, परवा पेपर आहे" म्हणा. पेपर म्हटलं की आपल्याकडे लोक खरंच गप्प बसतात, वर बिस्किटंही देतात.

घाट लागला की मात्र पुस्तक मिटा. कानाला वळणं जाणवतात, डोळ्यांना पान स्थिर दिसतं आणि त्या गोंधळातून मळमळतं. तेवढा वेळ लांब बाहेर बघत वाचलेलं मनात आठवून पाहा.